दीड तासाची झोप

राडिसाव आत आला, पण बसला नाही. एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात काड्यापेटी घेऊन तो दाराजवळच उभा राहिला. वय सदुसष्ट. अंगाला मासळीचा आणि ओल्या लोकरीचा वास.

"गोर्दानाबाई वुलिच आपणच?"

"मीच. बसा ना."

"नको. मला एवढंच विचारायचंय. गेल्या गुरुवारी दुपारी मला झोप लागली होती का?"

खिडकीपाशी कॉफी ओतत असलेला मिलुतिन हसणार होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून गप्प बसला. मिलुतिन म्हणजे गोर्दानाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सव्वीस वर्षं वाहतूक पोलिसात काढून निवृत्त झाला, बायको गेली, आणि मग नेगोतिनला येऊन मेहुणीची गाडी चालवू लागला. गोर्दाना स्वतः आधी बेलग्रेडच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सांभाळायची. यंत्रांचा कंटाळा आला म्हणून तिने माणसांच्या चौकशीचा परवाना काढला. आता तिला दोन्हींचा कंटाळा होता.

"तुम्हाला झोप लागली का, ते तुम्हालाच माहीत असणार," ती म्हणाली.

"मला वाटतं नव्हती लागली. पण पाच दिवस सगळे म्हणतायत की लागली होती. आता माझीही खात्री राहिली नाही."

"अहो काका, सिगरेट ओढायची तर ओढा," मिलुतिन म्हणाला. "इथे चालतं."

"मी ओढत नाही," राडिसाव म्हणाला आणि काड्यापेटी खिशात टाकली.

मग त्याने सांगितलं. डॅन्यूबच्या काठी, क्लादोवोच्या खाली, एक मत्स्यकेंद्र आहे. तिथे तो अठरा वर्षं राखणदार होता. बंद दालनातल्या मोठ्या हौदात तेवीस मोरूना होत्या. मोरूना म्हणजे नदीतला सगळ्यांत मोठा मासा, ज्याच्या काळ्या अंड्यांसाठी माणसांनी नदी रिकामी केली. बोटाएवढी पिल्लं होती तेव्हापासून त्याने त्यांना खायला घातलं होतं. आता एकेक मादी त्याच्यापेक्षा लांब होती. येत्या वसंतात त्या पहिल्यांदा अंडी देणार होत्या.

"गुरुवारी एक वाजता फेरी मारली. सगळं ठीक होतं. मग खोलीत आलो. मालक आला, स्वेतोलिक. घेवड्याचं सूप होतं, दोघांनी खाल्लं. राकियाचा एकेक पेला घेतला. रेडिओवर सव्वाला नदीची गावोगावची पाणीपातळी लागली. ती मी चुकवत नाही. शेवटचा, प्राहोवो गावचा आकडा मात्र ऐकू आला नाही, केंद्राच्या डॉक्टरबाईंची गाडी तेव्हाच फाटकातून निघाली. जुनं डिझेल, फार घरघरतं. दीडला मालक गेला. मी जाळं विणत बसलो. पंपाचा आवाज येत होता, नेहमीसारखा. तीनला फेरीला गेलो."

तो थांबला.

"सगळ्या पोट वर करून होत्या."

"आणि पाण्यातला ऑक्सिजन?"

"तेच तर. मीटरवर भरपूर दाखवत होता. म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, रोग आहे. संध्याकाळच्या आत जाळून टाकायला लावल्या. मग दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या पोराने यंत्रातली वही तपासली. दीड तास हवाच गेली नव्हती. मालक म्हणतो, मी विजेच्या पेटीचं बटण बंद केलं, झोपलो, आणि जाग आल्यावर चालू केलं."

"केलंत?"

"मला आठवत नाही असं काही. पण झोपेत केलेलं माणसाला कुठे आठवतं?"

गोर्दानाने कोट उचलला. "चला भावोजी. गाडी काढा."

*

मत्स्यकेंद्रावर धुकं इतकं दाट होतं की नदी असल्याचं केवळ वासावरून कळत होतं.

ओग्न्येन तिशीचा, हाडकुळा, नखं खाणारा. हवेची सगळी यंत्रणा त्याने बसवली होती. दालनाच्या कोपऱ्यात, काचेच्या खोलीत, जुनाट कॉम्प्युटर होता. पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर पासवर्ड.

"हा सगळ्यांचा?" गोर्दानाने विचारलं.

"सगळ्यांचा. कोण लक्षात ठेवतंय वेगवेगळे."

"बाहेरून या यंत्रात शिरता येतं?"

"तारच नाही. जे करायचं ते इथे बसून."

"गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"झायेचारला, दंतवैद्याकडे. बारा ते चार. दाढ काढली. दाखवू?"

"नको रे बाबा," मिलुतिन म्हणाला.

ओग्न्येनने समजावलं. पडद्यामागे एक प्रोग्रॅम अखंड चालतो. त्याचं नाव त्याने 'श्वास' ठेवलं होतं. तो पाण्यातला ऑक्सिजन मोजतो, कमी झाला की झडप उघडतो, पुरेसा झाला की मिटतो, आणि दर सेकंदाला वहीत एक ओळ लिहितो. फारच खाली गेला तर सायरन वाजवतो. पंप वेगळा, तो नुसतं पाणी फिरवतो.

"आणि श्वासच मेला तर?"

"म्हणून वर पहारेकरी ठेवलाय. तोही प्रोग्रॅमच. दर पाच सेकंदांनी बघतो, श्वास जिवंत आहे का. मेला असेल तर लगेच नवा उभा करतो आणि आपल्या वहीत लिहितो. उभा राहिलाच नाही तर तोसुद्धा सायरन वाजवतो."

"गुरुवारची वही दाखवा."

शेवटची ओळ दुपारी एक वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंदांची. तेव्हा झडप मिटलेली होती. पुढची ओळ दोन वाजून बेचाळीस मिनिटं चाळीस सेकंदांची. मध्ये काही नाही.

"पहारेकऱ्याची वही?"

"कोरी. मलाही तेच कळत नाही."

"श्वासचा नंबर?" तिने विचारलं, आणि मिलुतिनकडे वळली. "प्रत्येक चालू कामाला यंत्र एक नंबर देतं, भावोजी. काम मेलं आणि नवं उभं राहिलं, की नंबर नवा."

ओग्न्येनने पाहिलं. "आधी २२०७. नंतरही २२०७."

"यंत्र शेवटचं कधी बंद झालं?"

"दोनशे अकरा दिवस सलग चालू आहे."

गोर्दानाने त्या दोन ओळी कागदावर उतरवून घेतल्या.

"हे यंत्र नुसतं हवेसाठी आहे का?"

"डॉक्टरबाईंची वंशावळीची गणितंही यावरच चालतात. पाच-सहा दिवसांची असतात, यंत्राला जड जातात. फार झालं की मी ती झोपवतो आणि यंत्र मोकळं झालं की उठवतो. त्यांनाही शिकवलंय, उगाच मला रविवारी फोन नको."

*

स्वेतोलिक ऑफिसात होता. लठ्ठ, दमेकरी, कपाळावर सतत रुमाल.

"त्या म्हाताऱ्याचा मला राग नाही हो," तो म्हणाला. "पण तो सोडून दुसरं कोण होतं इथे? दोन बेचाळीसला कुणीतरी हवा परत सुरू केली ना? मी दीडला गेलो, आणि दोनपासून वीटभट्टीवर होतो, वीस माणसांसमोर. डॉक्टरबाई क्लादोवोला, तपासणीला आलेल्या समितीबरोबर जेवत होत्या. पोरगा दाढ काढत होता. राहिलं कोण?"

"जागा हॉटेलवाल्यांना हवी आहे म्हणे," मिलुतिनने मध्येच टाकलं.

"हवी आहे. दहा वर्षं हवी आहे. विकायची असती तर मासे मारायची काय गरज होती? माझीच जागा आहे."

"एक ते दीड तुम्ही राडिसावबरोबर होता. तो उठून कुठे गेला?"

"कुठेच नाही. पाणीपातळी लागली की त्याला कुणी हलवू शकत नाही. मलाही बोलू देत नाही. शेवटी शेवटी गाडीचा आवाज आला, तर गाडीवाल्याला शिव्या घालत होता."

"कुणाची गाडी?"

"मी काय खिडकीत उभा होतो? सूप खात होतो."

*

डॉ. यागोदाला भेटायला क्लादोवोला जावं लागलं. तिने रजा टाकली होती. धुक्यात रस्ता दिसत नव्हता आणि मिलुतिन सारखा कुरकुरत होता. तरी पंचवीस मिनिटांत पोचले.

सत्तेचाळीस वर्षांची बाई, केस अर्धे पांढरे, डोळे सुजलेले. भिंतीवर एक जुना फोटो होता. गुडघाभर पाण्यात उभी असलेली तरुण मुलगी आणि तिच्या हातांत न मावणारा मासा.

"धरणाच्या बांधाखाली सापडलेली, मोकळ्या नदीतली शेवटची मादी," यागोदा म्हणाली. "मी एकोणतीसची होते. तिच्या अंड्यांतून या तेवीस वाढल्या. या नदीचा तेवढाच वंश उरला होता. शुक्रवारी समिती येऊन त्यांच्या शेपटीच्या पराचे तुकडे नेणार होती, वंश तपासायला. अठरा वर्षं मी जे सांगतेय त्यावर शिक्का बसायचा होता."

"गुरुवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"बरोबर एकला. गाडीत बसले तेव्हा बातम्या लागत होत्या. पावणेदोनला समितीबरोबर जेवायला बसले. साडेतीनपर्यंत तिथेच. मग राडिसावचा फोन आला."

"त्या दिवशी यंत्रावर तुमचं गणित चालू होतं?"

"नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी लावते, पडदा बंद करून घरी जाते. सोमवारी उत्तर तयार असतं."

"आणि मासे जाळले, ते का?"

"रोग असेल तर पसरू नये म्हणून." मग हळू आवाजात, "राडिसावला सांभाळा. त्याने मुद्दाम नाही केलं. म्हातारा माणूस आहे. झोप लागते."

परतताना मिलुतिनने काचेवरचं धुकं पुसलं. मग म्हणाला, "बाई चांगली वाटली. निदान तिला त्याची दया तरी आली."

"आली," गोर्दाना म्हणाली. "तेवढी एक गोष्ट खरी होती. भावोजी, ती काड्यापेटी तुम्हाला खटकली का?"

"कुठली?"

"जाऊ दे. राडिसावच्या घराकडे घ्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळे दालनात जमले. हौद रिकामा होता. तळाशी चुन्याचा पांढरा थर. यागोदा कोट न काढता उभी होती. स्वेतोलिकने राडिसावसाठी खुर्ची आणली. या वेळी तो बसला.

"आधी तुमचं उत्तर देते, राडिसावकाका," गोर्दाना म्हणाली. "तुम्हाला झोप लागली असो वा नसो, काही फरक पडत नव्हता. पंप चालू होता, आवाज तोच होता. खोलीत बसलेल्या माणसाला कळण्यासारखं काहीच नव्हतं. आणि पेटीचं बटण तुम्ही बंद केलेलं नाही. केलं असतं तर त्याच पेटीवरचं यंत्रही बंद पडलं असतं. ते दोनशे अकरा दिवस सलग चालू आहे."

"मग हवा कशी गेली?" स्वेतोलिकने विचारलं.

"श्वास थांबला म्हणून. पण तो मेला नाही. मेला असता तर पहारेकऱ्याने पाच सेकंदांत नवा उभा केला असता, वहीत लिहिलं असतं, आणि नंबर बदलला असता. वही कोरी आहे. नंबर तोच आहे. म्हणजे कुणीतरी त्याला झोपवलं. अशा यंत्रात चालू काम जागच्या जागी गोठवता येतं. ते जिवंत असतं, पण काही करत नाही. पहारेकरी फक्त जिवंत आहे का एवढंच बघतो. जागा आहे का, ते नाही बघत. झडप मिटलेली असताना झोपवलं, ती मिटलेलीच राहिली."

ओग्न्येनने तोंडावर हात ठेवला. "मी तो विचारच केला नाही."

"म्हणूनच हे तुम्ही केलेलं नाही. तुम्ही पहारेकऱ्याचे मालक आहात. तुम्हाला हवा बंद करायची असती तर आधी पहारेकऱ्यालाच सुट्टी दिली असती आणि वहीही साफ केली असती. हे काम अशा माणसाचं आहे ज्याला यंत्रातल्या दोनच गोष्टी नीट येत होत्या."

"पण ते उठवायला तर इथे यायला हवं," मिलुतिन म्हणाला. "दोन बेचाळीसला इथे फक्त राडिसाव होता. आणि त्याला तर कॉम्प्युटर येतच नाही. मी काल रात्रभर तेच घोळवतोय."

"सगळे तेच घोळवत होते. आता त्या दोन वेळा पुन्हा पाहा. एक बारा चाळीस. दोन बेचाळीस चाळीस. बरोबर नव्वद मिनिटं, सेकंदाचाही फरक नाही. घड्याळ बघून धावत आलेल्या माणसाला इतकं अचूक जमत नाही. ते यंत्राला आधीच सांगून ठेवलेलं होतं. याला झोपव, नव्वद मिनिटं थांब, मग उठव. असं काम पडद्यामागे लावून देता येतं. लावणारा पडदा बंद करून निघून गेला तरी ते चालू राहतं."

"म्हणजे दोन बेचाळीसला इथे कुणीच असायची गरज नव्हती," मिलुतिन सावकाश म्हणाला.

"गरज होती ती एक बाराला. तेव्हा राडिसाव आणि स्वेतोलिक एकमेकांसमोर सूप खात होते. ओग्न्येन झायेचारला होते."

कुणी यागोदाकडे पाहिलं नाही.

"मी एकला निघाले," यागोदा म्हणाली.

"तुमची गाडी पाणीपातळीचे आकडे चालू असताना फाटकातून गेली. राडिसावना त्यामुळे प्राहोवोचा आकडा ऐकू आला नाही. स्वेतोलिकनी त्यांना त्या गाडीला शिव्या देताना ऐकलं. ते आकडे सव्वाला लागतात. इथून क्लादोवो पंचवीस मिनिटं. सव्वा उलटून गेल्यावर निघालात तरी पावणेदोनला टेबलावर. गणित झोपवायचं आणि उठवायचं कसं, ते तुम्हाला ओग्न्येनने शिकवलं. पडदा बंद करून मागे काम चालू ठेवायचं, ते तुम्ही दर शुक्रवारी करता. हवा परत सुरू व्हावी असं तुम्हीच ठरवलं, म्हणजे मीटर ठीक दिसेल, रोग म्हणता येईल आणि संध्याकाळच्या आत सगळं जाळता येईल. तुम्हाला मासे मारायचे नव्हते. समितीला त्यांच्या पराचा तुकडा मिळू द्यायचा नव्हता."

"हे सगळं नुसतं बोलणं आहे."

गोर्दानाने खिशातून काड्यापेटी काढून हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि उघडली. आत मिठात पुरलेला, नखाएवढा, करडा तुकडा होता.

"राडिसाव सिगरेट ओढत नाहीत. जाळायला नेण्याआधी त्यांनी सगळ्यांत थोरल्या मादीच्या शेपटीचा एवढा तुकडा कापून ठेवला. आठवण म्हणून. समितीला एवढा पुरे."

यागोदाने काड्यापेटी मिटली. 

"तपासू नका," ती म्हणाली. "मी सांगते. त्या या नदीच्या नव्हत्याच."

स्वेतोलिकचा रुमाल कपाळावरच राहिला.

"त्या मादीची अंडी मी उबवणीला ठेवली होती. तीन रात्री जागी होते. चौथ्या पहाटे पाण्याचा पंप बंद पडला आणि मला झोप लागली होती. जाग आली तेव्हा सगळी पांढरी पडली होती. एकही उरलं नाही. वर्तमानपत्रात फोटो आला होता. मंत्री येणार होते. मी पलीकडच्या देशातल्या एका मत्स्यशेतीतून पिल्लं आणली. बोटाएवढी. एकसारखीच दिसतात. वाटलं, पुढच्या वर्षी खरी मिळतील, मग बदलून टाकीन."

"आणि मग?"

"मग लेख लिहिले. त्यावर आणखी लेख. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यावर पदव्या घेतल्या." ती राडिसावकडे वळली. "तुमच्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. रोगावर निभावेल असं वाटलं. नंतर ओग्न्येनने वही उघडली, आणि मालक तुमचं नाव घ्यायला लागले, आणि मी गप्प बसले."

राडिसावने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"कुठल्या का असेनात," तो म्हणाला. "मी काही त्यांना त्यांचं गाव विचारून खायला घातलं नाही. त्या मला ओळखायच्या."

"माफ करा मला."

"झोपेचं काही नाही, डॉक्टरबाई. झोप कुणालाही लागते. पण तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच वर्षी, मे महिन्यात, बांधाखाली अजून दोन आल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या, होडीएवढ्या. धावत येऊन तुम्हाला सांगितलं. जाळं टाकू का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, राहू दे राडिसाव, आपल्याकडे आहेत आता, त्यांना जाऊ दे."

त्याने टोपी उचलली.

"त्यानंतर एकही आली नाही," राडिसाव म्हणाला. "अठरा वर्षं. आणि मी इथे बसून म्हणायचो, काही हरकत नाही, आपल्याकडे आहेत."

तो उठला, टोपी घातली आणि दालनाबाहेर गेला. काड्यापेटी कठड्यावरच राहिली.

*

यागोदाने त्याच दिवशी पोलिसात जबाब दिला. जानेवारीत समितीचा निकाल आला. तिने सांगितलं तेच त्यात होतं. स्वेतोलिक दोनदा राडिसावच्या घरी गेला, नवी पिल्लं आणतो म्हणाला, पगार वाढवतो म्हणाला. राडिसावने त्याला कॉफी दिली आणि नको म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये मिलुतिनला क्लादोवोला काम होतं. येताना तो म्हाताऱ्याच्या घरावरून आला. दाराला कुलूप होतं.

"गोर्दाना, तो घरी नव्हता," संध्याकाळी त्याने सांगितलं. "शेजारीण म्हणाली, पहाटेच होडी घेऊन बांधाखाली जातो. रोज. पाऊस असला तरी."

"मासे धरायला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, नाही, जाळं घरीच टांगलेलं असतं. मधोमध होडी थांबवतो आणि अंधार पडेपर्यंत पाण्यात बघत बसतो."